गाळ कुठाय?

खोब्रागडे मॅडमची आणि माझी ओळख झाली ती एका अर्थिंगच्या वायरवरून. आमच्या आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रिशियनचा शिक्षक म्हणून रुजू झालो, तो पहिलाच दिवस. स्टाफरूममधल्या कूलरला हात लागला की मुंग्या येतात, अशी सगळ्यांची तक्रार होती. मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, कालच वायरमन येऊन दुरुस्त करून गेला. मग मी नव्या माणसाच्या रुबाबात जाहीर केलं, "कूलर आता ठीक आहे. बिनधास्त लावा."

कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या एका बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही पाह्यलं का ऐकलं?"

"शिपाई म्हणाला."

"म्हणजे ऐकलं."

त्या उठल्या. त्यांनी मला प्लग काढायला लावला, कूलरची मागची जाळी उतरवायला लावली आणि स्वतः वाकून आत पाहिलं. अर्थिंगची वायर स्क्रूभोवती नुसती गुंडाळून ठेवली होती. स्क्रू आवळलाच नव्हता. त्या तशाच वळल्या. जाऊन पुन्हा वह्या तपासायला लागल्या. मी पेचकस शोधत राहिलो आणि माझे कान गरम झाले होते, एवढं आठवतं.

आमची आयटीआय दारव्हा तालुक्यातली, एका खाजगी संस्थेची. मॅडम तिथं कापड रंगवणं आणि धुणं शिकवायच्या. सुमेधा खोब्रागडे हे पूर्ण नाव, पण पोरं त्यांना मागून 'सीआयडी मॅडम' म्हणत आणि आम्ही शिक्षकही तेच म्हणत असू. उंची बेताची, चाल भरभर, साडी नेहमी फिक्या रंगाची. फिक्या रंगाचं कारण आवड हे नव्हतं. गडद साडी घ्यायची झाली की त्या दुकानातच रुमाल ओला करून काठावर घासत. रुमालाला रंग लागला की साडी परत. शेवटी शेवटी दुकानदार त्यांना गडद साड्या दाखवतच नसत.

चष्म्याच्या डबीत चष्म्याशेजारी कागदाच्या पिवळ्या पट्ट्या असायच्या. पाण्यात बुडवली की पट्टीचा रंग बदलतो आणि पाण्यात आम्ल आहे की क्षार ते कळतं. त्या पट्ट्या मी त्यांना लग्नाच्या पंगतीतल्या पाण्यात बुडवताना पाहिलंय, यजमानांच्या समोर. बाजारात हळद घेताना चिमूटभर हळद तळहातावर ओली करून बघत. जीपवाला "बसा मॅडम, निघालोच" म्हणाला की आधी वाकून गाडीला चावी लागलीय का ते पाहत, आणि नसली की समोरच्या टपरीवर जाऊन बसत. अशा बाईशी मैत्री होणं कठीणच. मला त्यांची भीती वाटायची आणि थोडा रागही यायचा. आपल्या प्रत्येक वाक्यावर कोणीतरी ओला रुमाल घासतंय, असं वाटत राहायचं.

त्यांच्या घरचं मला फार माहीत नाही. वडील सूतगिरणीत होते आणि रंगखात्यात काम करून करून त्यांची बोटं शेवटपर्यंत निळी राहिली, एवढं एकदा त्या बोलून गेल्या होत्या. पुढं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा अशी, की पालक तक्रार घेऊन यायचे. एकदा त्यांनी फळ्यावर रंगाचं प्रमाण लिहून दिलं: शंभर ग्रॅम कापडाला एक किलो रंग. सगळ्या वर्गानं उतरवून घेतलं. फक्त अनिता राठोड नावाच्या मुलीनं हात वर केला.

"मॅडम, एवढ्या रंगात तर कापड सापडणारच नाही."

मॅडमनी तिला दहापैकी दहा दिले आणि बाकी चोवीस जणांना शून्य. दुसऱ्या दिवशी चार पालक प्राचार्यांच्या खोलीत. प्राचार्य वैतागून म्हणाले, "मॅडम, तुम्ही मुद्दाम चुकीचं शिकवता?"

"सर, उद्या कारखान्यात कोणीतरी चुकीचंच लिहून देणार हाय. तिथं मार्क कापत नाहीत. तिथं हात भाजते."

प्राचार्यांनी शून्यं रद्द केली. मॅडमनी हरकत घेतली नाही, पण महिन्याभरानं पुन्हा तसंच काहीतरी फळ्यावर लिहिलं. या वेळी हात वर करणाऱ्या मुली सहा होत्या.

मग गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत प्रशांतभाऊ गावंडे यांचा कारखाना आला. शाळेच्या गणवेशाचं कापड आणि टॉवेल रंगवायचा. प्रशांतभाऊ इथलेच, पुण्यात इंजिनिअर झालेले, बोलायला गोड. फाटकावर मोठा हिरवा फलक होता: 'पाण्याचा एक थेंबही बाहेर नाही.' आमच्या संस्थेशी करार करायचा होता. आमच्या वीस मुली तिथं शिकाऊ म्हणून जाणार, पुढं कायम होणार. माझ्या इलेक्ट्रिशियनच्या पोरांनाही चार-पाच जागा मिळतील, असं अध्यक्षसाहेब मला खासगीत म्हणाले होते. आमच्याकडे पास झालेली पोरं दोन-दोन वर्षं घरी बसत. त्यामुळं सगळे खूश होते. मॅडम सोडून.

करारापूर्वी आम्ही कारखाना बघायला गेलो. प्रशांतभाऊंनी सगळं फिरवून दाखवलं. शेवटी सांडपाण्याचा प्लांट. निळ्या रंगाच्या टाक्या, नव्या कोऱ्या, पाइप चकचकीत. रंगाचं पाणी इथं येतं, त्यात चुना आणि फिटकरी पडते, रंग तळाशी बसतो, वरचं स्वच्छ पाणी पुन्हा कारखान्यात जातं, असं ते समजावून सांगत होते. मोटर घुमत होती. शेवटच्या टाकीतलं पाणी अगदी नितळ होतं.

मॅडमनी पट्टी बुडवून पाहिली. मग टाकीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "गाळ कुठाय?"

"काय?"

"पाणी साफ होते, तर घाण जाते कुठं? खाली बसणार, तिचा गाळ होणार. सहा महिने झाले कारखान्याले. पोत्यानं गाळ पाह्यजे."

प्रशांतभाऊ हसले. "गाळ उचलून नेतात मॅडम. वेळच्या वेळी."

मॅडमनी कोपऱ्यातल्या गाळ वाळवायच्या ओट्याकडे पाहिलं. त्याच्या विटा भट्टीतून आल्या तशा लाल होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही वीजवाले. ही मोटर रोज चालून राह्यली का?"

मी मोटरजवळ गेलो. पट्ट्यावरच्या जाळीच्या आत कोळ्यानं विणलेलं जाळं होतं. त्यातला बराच भाग तुटून फडफडत होता, म्हणजे मोटर आज, बहुतेक आमच्यासाठीच, बऱ्याच दिवसांनी सुरू झालेली. मला ते स्पष्ट दिसलं. माझ्या डोळ्यांपुढं माझी चार-पाच पोरंही होती.

"चालत असेल," मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

परत आल्यावर त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, की गाळ पाहिल्याशिवाय माझ्या मुली मी पाठवणार नाही, करारावर विभागप्रमुख म्हणून माझी सही मिळणार नाही. गावभर झालं. बाईला हेका आहे, हिला पोरींचं भलं पाहवत नाही, हिचं स्वतःचं काहीतरी असणार. हे 'काहीतरी' काय ते कोणीच सांगत नव्हतं, पण स्टाफरूममध्ये त्या आल्या की बोलणं थांबायचं. त्यांच्या आडनावावरून जे एरवी दबक्या आवाजात बोललं जायचं, तेही त्या दिवसांत जरा मोठ्यानं बोललं गेलं. मी ऐकून घेत होतो.

आठवड्यानं अनिता राठोडची आई आली. शेवंताबाई. कारखान्याजवळून वाहणाऱ्या नाल्याच्या खालच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली. त्याच कारखान्यात झाडलोट करायची. स्टाफरूमच्या दारातच उभी राहिली.

"मॅडम, माह्या पोरीची नोकरी काहून अडवली?"

"बाई, तो नाला तुमच्याच तांड्यावरून जाते. रंगाचं पाणी त्यात सुटलं तर तुमच्याच विहिरीत उतरन."

"पाणी लाल आलं तर दुसरीकडून आणू. आजवर आणतच आलो. पोरगी घरी बसली तर तिचं लगीन लावून देईन तिचा बाप. मंग?"

मॅडमनी हातातलं पेन वहीवर ठेवलं. त्या उठून शेवंताबाईला बाहेर निंबाखाली घेऊन गेल्या. दोघी तिथं पारावर बसून बराच वेळ बोलत होत्या. काय, ते आम्हाला ऐकू आलं नाही. मी खिडकीतून पाहत होतो. मॅडम विचारत होत्या, बाई हातानं खटका दाबल्यासारखं काहीतरी करून दाखवत होती.

त्या दिवसापासून मॅडम गप्प झाल्या. गाळाचं नाव काढणं बंद. प्राचार्यांनी विचारलं तर "पाहू" एवढंच. आणि पुढच्या सोमवारी मी त्यांना कारखान्याच्या जीपमधून उतरताना पाहिलं. दुपारची वेळ, शेवटचा तास बुडालेला. बुधवारी पुन्हा. शुक्रवारी तर प्रशांतभाऊ स्वतः गाडी चालवत होते आणि मॅडम पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर एक झाकलेली टोपली.

माणूस किती पटकन स्वतःची खात्री पटवून घेतो, हे मी स्वतःवरून सांगतो. एवढा आरडाओरडा, आणि आता जीपमधून येणं-जाणं. झाकलेली टोपली. म्हणजे ह्यांचीही किंमत ठरली होती तर. मला धक्का बसला, असं मी घरी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मला बरं वाटलं होतं. माझ्या 'चालत असेल'ची टोचणी त्या जीपनं बोथट झाली.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "तुम्ही पाहिलंत म्हणे. कामाच्या वेळेत त्या बाहेर जातात, कारखान्याचं खासगी काम करतात, असं लिहून द्याल? आम्हाला चौकशी तर करावी लागेल."

मी लिहून दिलं. तिन्ही दिवसांच्या वेळा लिहिल्या, खाली सही केली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मॅडमना बोलावून विचारलं गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तास बुडवले, हे खरं आहे. ते भरून काढीन. कायले गेलती, ते सांगणार नाही." पंधरा दिवसांत त्यांची बदली झाली, संस्थेच्या उमरखेडच्या शाखेत. निरोपसमारंभ त्यांनी नको म्हटला. जाताना प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "आतल्या बाटल्या मोजून घ्या." मी म्हटलं, "मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे." त्यांनी चावी परत मागितली, कपाट उघडलं आणि माझ्यासमोर बाटल्या मोजून दाखवल्या.

करारावर नव्या विभागप्रमुखांनी सही केली. मुली कामाला लागल्या, माझी चार पोरंही. उन्हाळ्याच्या तोंडावर मी पोरांचं काम पाहायला कारखान्यात गेलो. नकळत प्लांटकडे पाऊल वळलं. आधी नाकाला वास आला, ओल्या मातीचा आणि चुन्याचा. मग ओटा दिसला. त्याच्या विटा आता ओळखू येत नव्हत्या. काळपट निळा गाळ त्यावर भेगाळून वाळत पडला होता आणि शेजारी गाळाची पोती रचली होती, पुरुषभर उंच.

शेवंताबाई एका लाकडी फळीसमोर उभी होती. फळीवर चार काचेचे गिलास, चारींत लालभडक पाणी. एकेका गिलासात ती चमच्यानं चुना आणि फिटकरीचं पाणी टाकत होती, कमी-जास्त. ढवळून झालं की हात मागं घेऊन थांबली.

"आता पाह्यत राहा सर," ती म्हणाली. "हलवू नका."

थोड्या वेळानं तिसऱ्या गिलासात बारीक बारीक गोळे धरायला लागले, कापूस पिंजल्यासारखे. ते हळूहळू खाली बसले आणि वरचं पाणी मोकळं झालं. बाकीच्या तिघांत नुसताच गढूळपणा.

"आज तिसरा बरोबर हाय. म्हणजे टाकीले तीन डबे. रंग रोज बदलते, म्हणून रोज पाहा लागते."

"हे कोणी शिकवलं?"

"खोब्रागडे मॅडमनं. मले वाचता येत नाही, म्हणून गिलासावर ठिपके काढून देल्ले. हे गिलास त्याहिच्याच घरचे. टोपलीत घालून आणलते."

मग तिनं सगळं सांगितलं. प्लांट बसवणारे लोक यंत्र लावून, फोटो काढून निघून गेले होते. चालवायचं कसं, हे कोणालाच माहीत नव्हतं. दोनदा प्रयत्न केला, पाणी आणखीच घाण झालं, मग बंदच करून टाकलं. बाहेरचं कोणी येणार असलं की शेवंताबाईनं बटण दाबायचं, टाकीत नळाचं पाणी सोडायचं. एरवी रंगाचं पाणी रात्री नाल्यात जायचं. निंबाखाली तिनं हेच मॅडमला सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर रडली होती, कारण आता नोकरी जाणार.

"मंग मॅडम मालकाकडे गेल्या. म्हणाल्या, मी कोणाले सांगत नाही, तुम्ही तवर गडद रंगाचं काम थांबवा आणि हे मले ह्या बाईले शिकवू द्या. गाळ धरला की पोरी घ्या. मालक तयार झाला. त्यालेही भेव होतंच ना, बंद पडायचं."

"आणि मालकानं शब्द पाळला?"

"मॅडम रोज नाल्यावर जाऊन पट्टी बुडवत. मालकाले माहीत होतं." ती गिलास विसळायला लागली. "त्याहिले कोणी तरी चुगली करून पाठवलं म्हणतात. तुम्हाले ठाऊक आहे का, कोण?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मॅडमनी केलं ते बरोबर होतं का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यांनी एक लबाडी झाकली. मालकानं फसवलं असतं तर तांड्याच्या विहिरीची जबाबदारी त्यांच्यावर आली असती. हळदीवर विश्वास न ठेवणाऱ्या बाईनं असा धोका का घेतला, हे मला नीटसं कळलेलं नाही. कदाचित शेवंताबाईच्या प्रश्नाला त्यांना दुसरं उत्तर सापडलं नसेल.

दोन वर्षांनी परीक्षेच्या कामानं मला उमरखेडला जावं लागलं. मॅडम तिथंच होत्या, निवृत्तीला काही महिने उरलेले. केस बरेच पांढरे झाले होते. पेपर संपल्यावर मी त्यांच्यासोबत बसस्टँडपर्यंत चालत निघालो. त्यांना पुसदला बहिणीकडे जायचं होतं. वाटेत मी त्यांना सांगितलं, की प्राचार्यांना लिहून देणारा मीच.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "प्राचार्यांनी दाखवलं होतं. निनावी चिठ्ठ्या तर तीन होत्या. सही तुमच्या एकट्याचीच."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"तुम्ही मोटरपाशी 'चालत असेल' म्हणाले, तेव्हाच तुमच्यावरचा भरवसा मी काढून घेतला होता. त्यामुळं कागदाचं फार लागलं नाही."

आम्ही थोडं चाललो. मी म्हटलं, "मला शंका आली होती, मॅडम. जीप पाहिली, टोपली पाहिली."

"शंका यायलाच पाह्यजे. मलेही आली असती." त्या थांबल्या, साडीचा पदर सावरला. "पण सर, मी टोपली उघडून पाह्यली असती. तुमच्याजवळून तर रोज जात होती मी."

माफी मागायची म्हणून मी जे शब्द जुळवून आणले होते, ते तसेच राहिले. त्यांनीच मग विचारलं, शेवंताबाई कशी आहे, अनिता काय करते. अनिता आता रंगखात्यात पाळीप्रमुख आहे, आणि आईच्या हाताखाली आणखी दोन बायका शिकतात, असं मी सांगितलं. "तुम्ही पाह्यलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि ते खरं होतं. त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

पुसदची गाडी लागली होती. त्या चढल्या, मी खाली उभा राहिलो. खिडकीशी एक म्हातारी बाई बसली होती, कुठल्या तरी खेड्यातली, मांडीवर गाठोडं घेऊन. मॅडम तिच्या शेजारी टेकल्या. पर्स त्यांनी मांडीवर ठेवली, चेन अर्धी उघडीच. गाडी सुटायला वेळ होता. कंडक्टर चहा पीत होता. मी निरोपाचं काहीतरी बोलावं म्हणून खिडकीकडे गेलो तर मॅडमचे डोळे मिटलेले. दिवसभराचं काम, ऊन, वय. बघता बघता त्यांची मान कलली आणि त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर टेकली. चष्मा जरा वाकडा झाला. म्हातारीनं माझ्याकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं आणि मॅडमना जाग येऊ नये म्हणून आपलं गाठोडं हळूच दुसऱ्या बाजूला सरकवलं.